मोसमाचा डबा

मिन्या
मंगळवार, २६ मार्च १९६३

मितवल्लीदादा,

डबा पोचला! काल दुपारी तुझ्या मेहुण्यांनी, शौकतनी, रेल्वेच्या पार्सल कचेरीतून स्वतः खांद्यावर घालून आणला. मागचं दार जवळ पडलं असतं, पण मी खिडकीतूनच ओरडले, पुढून या, पुढून! मागच्या दाराने आणला असता तर गल्लीला काय दिसलं असतं, कपाळ?

दोन वर्षं झाली दादा. बाबा गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवशी आपलं भांडण झालं, त्यानंतर शम्म-अन-नसीमचा सण दोनदा येऊन गेला आणि माझ्या माहेरून मोसम आला नाही. लग्न झालेल्या बहिणीला सणाचं खाणं भावाने पाठवायचं, हे तुला मी सांगायला नको. थोरल्या जावेच्या माहेरून दरवर्षी बदक येतं, रंगवलेली अंडी येतात, टोपलीभर ओले हरभरे येतात. आणि आमच्या सासूबाई, हाज्जा, चारचौघांत म्हणतात, "दौलतच्या माहेरी मासे खारवतात म्हणे. आम्ही आपलं ऐकूनच आहोत हो." नबरोहच्या फसखान्याची, मासे खारवणाऱ्याची, मुलगी मी. निम्मा मुलूख आपल्या पिंपातलं खारवलेलं फिसीख खातो, आणि मी सणाला बाजारातले धुरी दिलेले मासे चघळत बसायचे. किती रडले असेन ते तुला कशाला सांगू!

काल मात्र हाज्जा स्वतः उठून आल्या. डब्याभोवती फिरल्या, झाळून बंद केलेल्या कडेवरून बोट फिरवलं, झाकणावरची तुझी निळ्या खडूची खूण पाहिली. म्हणाल्या, "जड आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं. आज सकाळी बघते तर त्यांनी आमंत्रणंसुद्धा देऊन टाकली! शेजारचे फहीम एफेंदी, शाळेचे हेडमास्तर, ख्रिस्ती आहेत. त्यांचा मोठा उपास सणाच्या आदल्या दिवशी ईस्टरला सुटतो आणि बिचारे तेव्हापासून फिसीखची वाट बघत असतात. त्यांचं सगळं घर, आमचं सगळं घर, सोमवारी १५ एप्रिलला सकाळीच नाईलकाठी जायचं. डबा तिथेच सगळ्यांसमोर फोडायचा असं ठरलंय. आमची नौसा रोज विचारते, मामाचे मासे कधी?

तुझा ताप कसा आहे? जानेवारीत आजारी होतास असं मन्सूराच्या मावशीकडून कळलं. मी आले नाही. यायला हवं होतं.

वहिनींना माझा सलाम सांगायचा की नाही हे तूच ठरव.

तुझी
दौलत


नबरोह
शनिवार, ३० मार्च

दौलत,

तुझं पत्र दादाच्या नावाने आलं. त्यांची पत्रं मी वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहे. हे मात्र मी त्यांच्या हातात जाऊ दिलेलं नाही. ते बोय मासे आणायला मंझाला तळ्यावर गेलेत, तेवढ्यात लिहिते आहे.

त्यांनी तुला डबा पाठवला हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. पाठवला याचं मला वाईट वाटलेलं नाही. एवढं तरी खरं मान.

तो डबा फोडू नकोस. निळ्या खडूचं पिंप उतरलं होतं, मासे नासले होते. डबा तुझ्याकडे निघाल्यानंतर ते माझ्या लक्षात आलं आणि आम्ही ते अख्खं पिंप चुना टाकून पुरलं. त्यातला एक मासाही आम्ही विकलेला नाही. तू डबा न फोडता नेऊन पूर. कुत्र्यामांजरालासुद्धा घालू नकोस. तळून चालेल का, असं मनात येईल, तर तेही नको. आणि नौसाला त्याच्या जवळ फिरकू देऊ नकोस.

हाज्जांना काहीही कारण सांग. पार्सलात मार बसला, पत्रा गंजला, काहीही. मी दुसरा डबा पाठवायची खटपट करीन. वेळेवर पोचेल असं वचन देत नाही.

जास्त विचारू नकोस. पत्र मिळाल्याचं लगेच कळव. पाकिटावर माझं नाव घाल.

इन्शिराह


मिन्या
बुधवार, ३ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. मिळाल्याचं लगेच कळवा म्हणालात, कळवते आहे.

मला एक सांगा, पिंप उतरलं ते दादाला कळलं नाही आणि तुम्हाला कळलं? ज्या माणसाला बाबांनी सातव्या वर्षी पिंपाशी उभं केलं, जो नुसतं झाकण सरकवून सांगतो की मासा कुठल्या तळ्यातला आणि मीठ कुठल्या हाताने घातलंय, त्याच्या नाकाला तुम्ही शिकवणार? तुमचे वडील गणित शिकवायचे वहिनी, मासे नव्हते खारवत.

तुमचं पोट का दुखतंय ते मला चांगलं माहीत आहे. चाळिसाव्याला मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की शेवटच्या आजारात तुम्ही बाबांना उपाशी ठेवलंत. म्हणाले होते, आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं. तुम्ही नुसत्या उठून आत गेलात, आणि त्या दिवसापासून माझं माहेर बंद झालं. दादाने बंद केलं असं मी कधीच मानलं नाही. आता त्याने तुम्हाला चोरून माझ्यासाठी काही पाठवलं, तर तेही पुरून टाक म्हणता. म्हणजे सोमवारी मी हाज्जांसमोर, जावेसमोर, हेडमास्तरांच्या बायकोसमोर हात हलवत उभी राहायची. पत्रा गंजला म्हणे! हाज्जांना तुम्ही ओळखत नाही. त्या म्हणतील, "डबा होता तरी का मासे भरलेला, की वाळू?"

आणि पुरायचं तरी का? मीसुद्धा फसखान्याचीच मुलगी आहे. मासा चांगला की वाईट हे कळायला मला तुमच्या पत्राची गरज नाही.

दादाने स्वतःच्या हाताने लिहिलं की टाकून दे, तर टाकीन. तुमच्या हाताचं नको.

दौलत


नबरोह
शनिवार, ६ एप्रिल

दौलत,

तुझ्या वहिनीने मला तुझी दोन्ही पत्रं दाखवली. लिही म्हणते. म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही.

पिंप भट्टीच्या भिंतीला लागून होतं. खालच्या थराला ऊब लागली असेल. तुझे मासे मी वरच्या थरातले काढले. मीठ चांगलं होतं, रंग चांगला होता, डोळे चांगले होते. सगळ्यात मोठे तुला काढले.

वहिनी घाबरट आहे. तिचं मनावर घेऊ नको.

खा. लिंबू भरपूर पिळ. हाज्जाला माझा सलाम.

मी बरा आहे.

मितवल्ली


नबरोह
सोमवार, ८ एप्रिल

दौलत,

दादाने तुला काय लिहिलं ते आज कळलं. शनिवारी ते स्वतः पाकीट चिकटवून पोस्टात घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, सुटले मी. आज जेवताना म्हणाले, "तिला खा म्हणून कळवलंय, आता विषय बंद."

आता मी लपवलेलं सगळं सांगते. हे पत्र वाचून जाळ. तुझ्या नवऱ्यालासुद्धा दाखवू नकोस.

तुझ्या भावाला वास येत नाही.

जानेवारीत ते तापाने पडले होते. ताप उतरला त्या दिवशी मी त्यांना चुलीशेजारी बसवून अंगणात कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर धूर, आणि हे शेजारी बसून मला विचारतायत, "चहाला किती वेळ गं?" मग कांदा फोडून हुंगला. व्हिनेगर हुंगलं. रॉकेलची बाटली नाकाला लावून बसले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मला बघवेना. मन्सूराचा डॉक्टर म्हणतो, येईल परत, कदाचित नाहीही येणार.

तूच सांग, आंधळ्या न्हाव्यासमोर कुणी गाल धरेल का? बाजारात हे कळलं तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. गिऱ्हाईक समोर असताना ते नेहमीसारखे झाकण काढतात, वाकतात, डोळे मिटतात. मी मागे झाडत असते. मला वास बरोबर वाटला तर मी झाडत राहते. वाटला नाही तर खोकते, आणि ते झाकण लावून म्हणतात, "याला अजून आठवडा हवा." तीन महिने असंच चाललंय. लग्नाला सोळा वर्षं झाली, पिंपांच्या शेजारी राहून मला चांगला वास आणि वाईट वास कळतो. तुझ्या बाबांइतकं नाही कळत. पण एवढं कळतं.

तुझा डबा त्यांनी मला चोरून भरला, मी रागावेन म्हणून. मी बाजाराला गेले असताना पिंप उघडलं, मासे काढले, झाळून पाठवून दिले. त्या माशांना माझं नाक लागलंच नाही. चार दिवसांनी मी तेच पिंप उघडलं तेव्हा कल्ल्यापाशी वास होता. पुरायच्या वेळी ते एक अक्षर बोलले नाहीत, तुझ्या डब्याचंही नाही. आता मी विचारते तेव्हा म्हणतात, वरचा थर चांगला होता. कशावरून, म्हटलं? तर म्हणतात, रंगावरून. आणि मग म्हणतात, "तुझा दौलतवर राग आहे, म्हणून तुला वास आला." डब्याचं मला ठाऊकही नव्हतं तेव्हा!

ते वाईट नाहीत गं. आपल्या हाताने बहिणीला विष पाठवलं, हे मान्य केलं तर ते जगायचे नाहीत. म्हणून मान्य करत नाहीत. पण त्यांच्या समजुतीपायी तुम्ही मरायचं का? पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गावात असलं फिसीख खाऊन एका घरातली तीन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पापण्या मिटायला लागल्या, मग बोलता येईना, मग श्वास.

बाबांना मी उपाशी ठेवलं नव्हतं. शेवटी त्यांना गिळता येत नव्हतं आणि हे कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. आज ती मोडते आहे, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवायला हवा.

तार करणं मला शक्य नाही. पोस्टातला मुर्सी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून मोजतो, आणि आपल्या दुकानासमोरचा फसखानी त्याचा सख्खा मेहुणा. तेव्हा एकच ओळ लिही, दौलत. "पुरला" एवढंच लिही. रविवारपर्यंत आलं तर मी झोपेन.

इन्शिराह


तार
नबरोह, रविवार, १४ एप्रिल

दौलत. डबा खाऊ नका. पिंप सडकं होतं. मितवल्लीला वास येत नाही. जानेवारीपासून. खाल्लं असेल तर लगेच इस्पितळ. इन्शिराह


मिन्या
बुधवार, १७ एप्रिल

वहिनी,

आम्ही सगळे जिवंत आहोत, धडधाकट आहोत. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र फेकून देशील.

सोमवारचं सांगते. सकाळीच नाईलकाठी गेलो. सतरंज्या अंथरल्या, अंडी मांडली, कांद्याची पात, लिंबं, हरभरे. डबा मधोमध. शौकतनी झाकण उचललं, मी मासे सोलले, लिंबू पिळलं, आणि हाज्जांनी पहिला घास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. त्यांनी चावला, गिळला, आणि दुसरा तुकडा उचलला. फहीम एफेंदी म्हणाले, "नबरोह ते नबरोह!" हेडमास्तरांची बायको मला म्हणाली, "भाऊ असावा तर असा." वहिनी, त्या वेळी माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग आमच्या घरमालकांचा जावई सायकलवरून धापा टाकत आला. तार घरी आली होती, आम्ही नव्हतो, म्हणून शोधत आला. शौकतनी उघडली आणि काय लिहिलंय ते कळायच्या आधीच मोठ्याने वाचून काढली. सगळी.

जावेने नौसाच्या तोंडात बोट घातलं. हेडमास्तर पाण्याकडे धावले आणि काठावर ओणवे झाले. त्यांची बायको छाती पिटायला लागली, "आमचा उपास सुटला आणि आम्हीही सुटलो!" शौकत पांढरेफटक पडून घोडागाडी शोधायला निघाले. हाज्जा तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. हातातला तुकडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, कलमा पढत होत्या.

मग मला बोलावंच लागलं. मी ओरडून सांगितलं, थांबा, कुणाला काही होणार नाही. हे मासे माझ्या भावाचे नाहीत. काल बाजारातून आणलेत.

हो वहिनी. डब्यात दादाचे मासे नव्हते.

दादाचं पत्र आलं तो मंगळवार, ९ तारीख. "खा" म्हणून लिहिलेलं. मी जिंकले होते. शौकत कामावर, हाज्जा बहिणीकडे. मनात आलं, आत्ताच फोडून बघते आणि इन्शिराहला लिहिते की कसा सोन्यासारखा मासा आहे. परसात नेऊन छिन्नीने कड उचकटली. वरून वास बरोबर होता. मीठ, तो झणका, आपल्या दुकानातला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग बाबा शिकवायचे तसा सगळ्यात मोठा मासा घेतला, कल्ला उचलला आणि त्याच्याखाली नाक नेलं. गोडूस वास. फुलदाणीत पाणी कुजतं ना, तसा. पोटाकडे अंगठा दाबला तर कातडी सरकून बाजूला झाली. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांना तेच. वरच्या थराचे होते ना ते, दादाने स्वतः काढलेले! तुझं खरं होतं. तुझं पहिल्या पत्रापासून खरं होतं.

त्याच दुपारी रुळांपलीकडे नेऊन पुरले, चुना घालून. डबा घासला, उन्हात ठेवला, आणि घरी आणून झाकण परत दाबून बसवलं. कुणी विचारलंच तर झाळ मीच आधी सैल करून ठेवली असं सांगणार होते.

तुझं मोठं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. वाचलं. बाबांचं वाचलं. मग लिहायला बसले. "वहिनी, तुमचं खरं होतं" एवढं लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा फाडलं. तुला नुसतं "पुरला" एवढंच हवं होतं. मला तो एक शब्द लिहवला नाही. लिहिला असता तर मी चाळिसाव्याला जे बोलले तेही खोटं होतं, असं लिहावं लागलं असतं. मला वाटलं, सण होऊन जाऊ दे, मग बघू. राहील थोडी काळजीत, माझं काय जातंय? असंच वाटलं, वहिनी. ईस्टरच्या दिवशी बाजारात जाऊन मासे घेतले आणि डब्यात भरले.

तू तार करशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मन्सूराच्या मावशीचं पत्र आज आलं, तिने सगळं लिहिलंय. मुर्सीने तार मोठ्याने वाचली, तू घरी पोचायच्या आधी बाजाराला कळलं, आणि सणाच्या आदल्या दिवशी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या विक्रीच्या दिवशी, लोकांनी घेतलेली पुडकी आणून दुकानाच्या दारावर मारली. ते मासे तर चांगले होते. त्यांचा तू वास घेतला होतास.

शौकत म्हणाले, तिला लिही की आम्ही डबा उघडलाच नाही, परस्पर पुरला. तेवढ्यावर भागवता आलं असतं. पण मावशी लिहिते की दादा बाजारात सांगत सुटलाय, पिंपाला काही झालं नव्हतं, बायकोने माझ्या बहिणीवरच्या रागापायी माझं दुकान बुडवलं. म्हणून जे होतं ते लिहिलं आहे. हे पत्र दादाला वाचून दाखव. माझ्याबद्दल जे लिहिलंय ते गाळू नकोस.

हाज्जा माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. आज सकाळी इतकंच विचारलं, "बाजारातले कुणाकडून घेतलेस? चांगले होते."

दौलत


नबरोह
बुधवार, २४ एप्रिल

दौलत,

पत्र शनिवारी मिळालं. तुम्ही सगळे जिवंत आहात, ही पहिली ओळ वाचली आणि उरलेलं पत्र हातात धरून मी पायरीवर तशीच बसून राहिले. सोमवारपासून शनिवारपर्यंत मला काहीही कळलेलं नव्हतं. दुसरी तार करायला गेले तर मुर्सीने माझ्याकडे असं पाहिलं की मी दारातूनच मागे फिरले.

मग पुढचं वाचलं. दौलत, मी तुला शिव्या दिल्या. एकटीने, मोठमोठ्याने, स्वयंपाकघराचं दार लावून. एक शब्द मागितला होता तुझ्याकडे. तुला वाटलं, राहील थोडी काळजीत. हे मी लवकर विसरेन असं समजू नकोस.

रविवारनंतर दादा घरात जेवले नाहीत. दुकानातच, रिकाम्या पिंपांजवळ सतरंजी टाकून पडायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पिंप चांगलं होतं, हिला उगीचच वास आला. माझ्याकडे पुरावा काय? पिंप चुन्याखाली. मासे तुझ्याकडे. त्यांना वास नाही. सगळ्या जगात एकटीचं माझं नाक, आणि त्या नाकावर माझाच विश्वास उडायला लागला होता. वाटायचं, खरंच आला होता का मला वास? की तुझं नाव मनात कुठेतरी होतं? एका डब्यापायी या माणसाचा जन्माचा धंदा मी उगीचच संपवला का?

शनिवारी दुकानात गेले आणि म्हटलं, दौलतचं पत्र आहे. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी सगळं वाचलं, तू म्हणालीस तसं, काही न गाळता. नाईलकाठच्या गमतीला ते हसले नाहीत. कल्ला उचलून नाक नेलं, गोडूस वास, इथे आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"तिने स्वतः उघडला?"

"स्वतः."

"पोटाची कातडी सरकली, असं लिहिलंय?"

"तीनही माशांची."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. नंतर म्हणाले, "मी तिला खा म्हणून लिहिलं होतं, इन्शिराह." आणि रडले. सोळा वर्षांत मी त्यांना बाबांच्या मातीला रडताना पाहिलं होतं, तेवढंच. तू खोटं लिहिलं असतंस, डबा न उघडता पुरला असं, तर ते आयुष्यभर मला दोष देत राहिले असते, आणि मीही कधीतरी तो मानला असता. म्हणून तुझ्यावरचा राग आहे तसा ठेवून तुला हे सांगते, की तुझ्या पत्राने मला माझ्या घरात परत बसवलं.

दुकानात गिऱ्हाईक नाही. समोरच्याकडे रांग लागते. उन्हाळ्यात काय होईल ते अल्लालाच ठाऊक.

काल मंझालावरून बोय मासे आले. कुणी घेणार नसताना त्यांनी मागवले होते. दुकानाच्या दारातच टोपली उतरवून घेतली, भर बाजारात, समोरचा फसखानी बघत होता, मुर्सी बघत होता. दादांनी एक मासा उचलला, कल्ला उघडला, आणि माझ्यासमोर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ गं, मला येत नाही."

मी रस्त्यात उभी राहून वास घेतला. म्हटलं, "चांगला आहे."

मग आम्ही दोघांनी मिळून पिंप भरलं.

इन्शिराह